जहाजाच्या कठड्यावरचे कारखानीस

आमच्या कारखानिसांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण जगातल्या झाडून सगळ्या समुद्रांवर त्यांचा दाट संशय होता. माळव्यातल्या धार संस्थानात बसून समुद्रावर संशय घेणं हे येरागबाळ्याचं काम नाही. तिथे पाणी म्हणजे गावातले तलाव, आणि त्यांत आजवर बुडालेलं सर्वांत मोठं जहाज म्हणजे धोब्याचा पाट. पण कारखानीस सकाळी कोठीत येऊन बसले, तपकिरीची चिमूट नाकात गेली, की त्यांचा पहिला प्रश्न असे, "काय हो, समुद्र कसा आहे?" जणू काही समुद्र त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होता आणि रात्री त्याला ताप होता.

कारखानीस म्हणजे सरकारी कोठीचे मुख्य. हत्तीच्या चाऱ्यापासून दिवाणखान्यातल्या झुंबरांपर्यंत जे जे लागेल ते मागवायचं, पारखून घ्यायचं आणि कोठीत लावून ठेवायचं, हे त्यांचं काम. चारा सरदारपुराकडून येई. त्यात त्यांना गोडी नव्हती, कारण सरदारपूर आणि धार यांच्यामध्ये समुद्र नाही. गोडी होती ती विलायती मालात. तो मागवायला इंग्रजी पत्रं लिहावी लागत आणि कारखानिसांना इंग्रजीचं अक्षर येत नसे, म्हणून माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे टाकून दिलं. "ओ इंग्रजी," ते म्हणाले, "इकडे या." कोठी सोडेपर्यंत मी इंग्रजीच राहिलो. माझ्या लग्नाच्या अक्षताही त्यांनी "इंग्रजीच्या लग्नाला" म्हणूनच टाकल्या.

त्यांच्या संशयाला एक इतिहास होता, आणि तो माझ्या आधीचा. दिवाणखान्यासाठी काचेची झुंबरं मागवली होती. पेट्या आल्या. मोठ्या समारंभाने उघडल्या. आत काचेचा उत्तम चुरा निघाला, पतंगाच्या मांज्याला लावावा असा. कारखानिसांनी विक्रेत्याला कळवलं की फुटका माल परत घ्या. त्याचं उत्तर आलं, की सौदा एफ. ओ. बी. होता. पेट्यांनी जहाजाचा कठडा ओलांडला त्या क्षणी माल तुमचा झाला. पुढचं तुम्ही आणि समुद्र आपसात बघून घ्या.

दुसरा कोणी असता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. कारखानीस मात्र भारावून गेले. "काय सोय आहे हो," ते पुढे कितीतरी वर्षं सांगत, "विकणाऱ्याने माल बोटीवर चढवून द्यायचा आणि हात झटकायचे. मग भाडं, विमा, वादळ, उंदीर, सगळं घेणाऱ्याच्या माथी. कठड्याच्या अलीकडे त्याचं, पलीकडे आपलं. भांडणाला जागाच नाही." उभ्या हयातीत ज्याच्या त्याच्या चुका अंगावर घेऊन थकलेल्या माणसाला त्या लाकडी पट्टीत मोक्ष दिसला.

मोक्ष दिसल्यावर त्यांनी सुतार बोलावला. कोठीच्या ओसरीला कमरेएवढा सागवानी कठडा झाला. त्या दिवसापासून कोठीत येणारी प्रत्येक वस्तू त्या कठड्यावरून आत घ्यायची, असा नियम निघाला. शेजारी चांगला रुंद दरवाजा होता. तो माणसांसाठी. दोर, घोंगड्या, तेलाचे बुधले, सगळं वरून. ओझेवाले खालून वर उचलत, आमचे शिपाई वरून आत ओढत, आणि मधल्या जागी कारखानीस उभे राहून बोटाने हवेत रेघ मारीत. "आता आपला," असं म्हणत. तोवर माल हातातून सुटला तर तो आणणाऱ्याचा. हा नियम कळल्यापासून धामनोदकडचे व्यापारी माल कठड्यावर न ठेवता आत भिरकावू लागले.

एकदा एका कुंभाराने मोठा रांजण वर चढवला, आणि तो नेमका कठड्यावरच फुटला. अर्धी खापरं आत, अर्धी बाहेर. कोठीचं काम थांबलं. कारखानीस कठड्यापाशी बसले, खापरांकडे बघत. जेवणाची वेळ टळली. कुंभार बिचारा उन्हात उभा. शेवटी तो म्हणाला, "सायब, म्हारे तो घरे जाणो हे. थें के दो नी के फूटी गयो."

"फुटला ते दिसतंय रे भिया," कारखानीस म्हणाले, "पर किसका फूटा, सवाल ये है."

निवाडा संध्याकाळच्या सुमारास झाला. रांजणाचं तोंड ज्या बाजूला पडलं, त्या बाजूचा रांजण. तोंड आत होतं, म्हणून तो आमचा. फुटका रांजण आम्ही रीतसर कोठीत जमा केला. पुढे कोणीतरी त्याची खापरं मागितली तेव्हा ती देण्यासाठी कोणाचीतरी मंजुरी लागली होती, असं पुसट आठवतं.

घरी मात्र कठडा लागला नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सुतार दारात बघितल्यावर एकच वाक्य सांगितलं होतं, "लावा, पण मग मी पलीकडे राहायला जाईन." कठडा लागला नाही तरी त्याचं तत्त्व घरात शिरलंच. कारखानीस कुठे जेवायला गेले की यजमानाला आधीच बजावत, "पान वाढेपर्यंत तुमचं, आपोष्णी घेतली की आमचं. पुढे पोट बिघडलं तर आमची तक्रार नाही." हे ते सौजन्य म्हणून बोलत, आणि यजमानीण आत कपाळाला हात लावी. औषधाची पुडी जिभेवर पडेपर्यंत वैद्याची, नंतर रोग्याची. गल्लीतले एक वृद्ध वारले तेव्हा तिरडी बांधता बांधता त्यांनी मुलांना समजावून सांगितलं, की बाप कुठवर तुमचा आणि कुठून पुढे देवाचा. मुलांनी त्यांना पुन्हा कधी कुठल्या कार्याला बोलावलं नाही. कारखानिसांना वाटलं, त्या घरात आता सगळं ठीक चाललं असावं.

द्वारका ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या आधीची काकूंची मुलं जगली नव्हती. ती लहानपणी शेळीच्या दुधावर कशीबशी वाढली, आणि वाढली ती मात्र बापाचा हट्ट घेऊन. तिला देवासला दिली. देवास हे त्या काळी एक पाहण्यासारखं गाव होतं. एकाच गावात दोन गाद्या, दोन राजे, दोन कचेऱ्या. रस्ता ओलांडला की राज्य बदले. द्वारकेचे सासरे म्हणजे त्यांतल्या एका गादीचे निवृत्त नाकेदार. हद्दीवर उभं राहून हे आमचं आणि ते तुमचं, एवढंच सांगण्यात त्या गृहस्थांचं आयुष्य गेलेलं. असा माणूस आणि आमचे कारखानीस एकमेकांचे व्याही व्हावेत, हा योग पत्रिका बघणाऱ्याला दिसायला हवा होता. पण त्याने फक्त मुलामुलीच्या पत्रिका बघितल्या.

बोलणी बसली तेव्हा मी कोपऱ्यात होतो. हुंड्यावर कोणी बोललं नाही, मानपानावर नाही. वाद पेटला तो मुऱ्हाळ्यावर. आमच्याकडे सासुरवाशिणीला सणाला किंवा बाळंतपणाला माहेरी आणायचं तर माहेरचा माणूस गाडी घेऊन जातो. तो मुऱ्हाळी. भाऊ असला तर भाऊ, नसला तर चुलता, तोही नसला तर घरचा विश्वासू गडी. तिला सासरच्या दारातून गाडीत बसवलं की पुढची वाट माहेरची. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं आहे आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. कारखानीस मात्र दचकून उठून बसले.

"म्हणजे एफ. ओ. बी. देवास," ते म्हणाले. "नाही जमायचं. मधे चंबळ नदी आहे, गंभीर नदी आहे. मुलगी धारेपर्यंत पोचवायची जबाबदारी वरपक्षाने घ्यावी."

"असं कुठे ऐकलं नाही बुवा," नाकेदार म्हणाले.

"ऐकलं नसेल. विलायतेत सर्रास चालतं."

विलायतेत सुना बोटीने पोचवतात की काय, अशी बैठकीत कुजबुज झाली. तेवढ्यात बासुंदी आली. बासुंदीच्या तिसऱ्या वाटीनंतर नाकेदार म्हणाले, "बरं, बघू." कारखानिसांनी तो करार मानला. नाकेदारांच्या लेखी तो होकार नव्हता, ढेकर होता. पहिल्या दिवाळसणाला जावईच तिला घेऊन आले, म्हणून हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही.

ध्यानात आला तो द्वारकेला दिवस गेले तेव्हा. देवासच्या घरात बाईमाणूस असं नव्हतं. सासू लग्नाआधीच गेलेली. जावई जमीनमोजणीच्या खात्यात, महिनोन्‌महिने पीपलरावां गावाकडे डेरा टाकून असत. घरात सासरे आणि त्यांची एक ठार बहिरी म्हातारी बहीण. पोरीला वेणा सुरू झाल्या तर हाक कोणाला मारायची, हा प्रश्न होता, आणि काकू तो रोज विचारीत. "पाऊस लागायच्या आत आणा तिला," त्या म्हणत. "एकदा चंबळ भरली की संपलं." सातवा लागला तशा त्या आल्यागेल्या गाडीवानाला रपट्यावर पाणी आलं का ते विचारू लागल्या. रपटा म्हणजे नदीच्या पात्रातला तो ठेंगणा दगडी रस्ता. उन्हाळ्यात त्यावरून शेळ्या जातात आणि पावसाळ्यात नदी.

नेमकं त्याच वेळी कारखानिसांचं लक्ष एका मोठ्या गोष्टीत गुंतलं होतं. गावच्या पाण्यासाठी विलायतेहून एक पंप मागवायचा होता. विकणाऱ्याने दोन भाव कळवले. एक, लिव्हरपूलला बोटीवर चढवून, एफ. ओ. बी. दुसरा, मुंबईपर्यंतचं भाडं आणि विमा आत धरून, सी. आय. एफ. मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा तपकीर ओढली आणि पत्र उन्हाला धरलं.

"म्हणजे बोट ते ठरवणार, भाडं ते भरणार, विमा ते उतरवणार?"

"हो."

"मग समुद्र त्यांचा."

मला यातलं तेव्हा फार कळत होतं असं नाही. मी म्हणालो, "दिसतं तर तसंच." आमच्या दोघांच्या त्या एका वाक्यावर संस्थानाचा पंप निघाला. त्या दिवशी कारखानिसांनी कोठीत सगळ्यांना पेढे वाटले. इतकी वर्षं छातीवर बसलेला समुद्र त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. आणि मग, तवा तापला आहे तोवर, मला म्हणाले, "इंग्रजी, आता देवासला लिहा. द्वारका सी. आय. एफ. धार."

मी ते मराठीत लिहिलं. नाकेदारांचं उत्तर आलं, की आमच्या दारची पायरी उतरेपर्यंत सून आमची, पुढचा रस्ता तुमचा. रिवाज बदलायला आम्ही काही इंग्रज नव्हे. मुऱ्हाळी पाठवावा, पोरीची गाठोडी बांधून तयार आहेत. कारखानिसांनी कळवलं, बैठकीत ठरलं त्याला फाटा देऊ नये. नाकेदारांनी विचारलं, काय ठरलं? मी मध्ये तडजोड सुचवली, की इंदुरात भेटा, धर्मशाळेत मुलगी सोपवा, निम्मा रस्ता यांचा, निम्मा त्यांचा. दोघांनाही कल्पना पसंत पडली. मग प्रश्न निघाला, इंदुरात आधी कोणी पोचायचं? जो आधी पोचेल त्याने आपली गरज दाखवली, असं होणार. म्हणून दोघांनीही दुसरा निघाल्याची बातमी आली की निघायचं ठरवलं, आणि अशा रीतीने दोघेही घरी बसले.

काकू रात्री जेवत नाहीत, असं कळलं. मी कारखानिसांना म्हटलं, "एक गाडी पाठवायला काय हरकत आहे? मी जातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, हे मला आज कळतं. "इंग्रजी," ते म्हणाले, "वाटेत काही झालं तर ते माझ्याकडून झालं, असं होईल हो. काकूंची आधीची मुलं गेली तेव्हा सगळे म्हणाले, कारखानिसांनी वैद्य उशिरा आणला." आणि पुन्हा कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. त्या माणसावर हसत आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो नाही. पण मला त्यांचा संतापही आला. स्वतःला दोष लागू नये म्हणून पोरीला तिथे ठेवायचं, याला काय म्हणावं?

ज्येष्ठ संपता संपता पंप आला. महूला आगगाडीतून उतरला, तिथून चार जोड्यांच्या गाड्यावर धारेत. कठड्यावरून तो येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी कठडा तात्पुरता काढावा की पंपाला दरवाजातून आणून माणूस मानावं, यावर पाऊण दिवस विचार झाला. शेवटी दरवाजातून आणला. गवत बाजूला केलं आणि पंपाच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

कारखानीस चक्क हसले. "त्यांचा फुटला," म्हणाले. "लिहा."

लिहिलं. पत्राला महिने लागले असते, म्हणून तारेवर तार. विकणाऱ्याचं उत्तर मोठं सभ्य होतं. भाडं आणि विमा किमतीत धरला होता हे खरं. परंतु जोखीम नेहमीप्रमाणे लिव्हरपुलास माल कठड्यावरून आत गेला तेव्हाच आपली झाली. विम्याचा कागद आपल्याकडे आहेच, तिकडे मागावं. मुंबईच्या विमेवाल्यांकडे मागितलं. ते म्हणाले, बंदरावर माल साबूत उतरल्याचा दाखला आहे. तडा नंतर वाटेत कुठेतरी गेला असावा, आणि आमचा विमा बंदरापर्यंतचा. सगळ्यांनी सगळं भरलं होतं, सगळ्यांचे कागद चोख होते, आणि फुटका पंप आमच्या ओसरीवर होता.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा कारखानीस तपकिरीची डबी हातात धरून बसले होते. त्यांनी ती उघडली नाही. त्याच वेळी काकू कोठीत आल्या. बायका कोठीत येत नसत. त्या दरवाजातून सरळ आत येऊन पंपाशेजारी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "काय लिहिलंय हो विलायतेनं?"

मी सांगितलं. कठडा, जोखीम, विमा, जेवढं मला कळलं होतं तेवढं.

त्यांनी पदर खोचला. "म्हणजे भाडं भरणारा वेगळा, आणि ज्याचं नुकसान होतं तो वेगळा."

"तसंच."

"एवढं कळायला विलायतेहून लोखंड आणावं लागलं तर." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, द्वारकीचं भाडं उद्या व्याह्यांनी भरलं आणि वाटेत तिचं काही झालं, तर रडायला मीच ना? का तो नाकेदार येणार? मी गाडी सांगितलीय. मीच मुऱ्हाळी."

"बाई कधी मुऱ्हाळी असते का?" कारखानीस म्हणाले.

"नसते. पण पुरुष बसलेत कठड्याला टेकून."

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी दारात उभी राहिली. आभाळ गळत होतं. काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा, धुवट लुगडी आणि बाळंतविड्याचं गाठोडं आत ठेवलं आणि त्या चढून बसल्या. कारखानीस छत्री घेऊन बाहेर आले. "तू तुझ्या जोखमीवर चालली आहेस," त्यांनी बजावलं. काकू म्हणाल्या, "हो." मग ते जरा वेळ बैलांकडे बघत उभे राहिले आणि आत चढले. मलाही बोलावलं. मुलीला आणायला नव्हे, हे त्यांनी मला वाटेत बराच वेळ समजावलं. नाकेदारांच्या वर्तनाविषयीचा निषेध त्यांच्या समक्ष वाचून दाखवायचा होता, आणि अक्षर माझं असल्यामुळे मी जरुरीचा होतो. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

घाटाबिल्लोदला पोचलो तेव्हा रपट्यावरून पाणी वाहत होतं. गुडघाभर असेल, पण गढूळ आणि जोराचं. अलीकडे गाड्यांची रांग, पलीकडे गाड्यांची रांग. आमच्या गाडीवानाने बैल सोडले. "पाणी घणो हे, सायब. बैल नी उतरेगा. काल देखांगा."

माळव्यात काल म्हणजे उद्याही होतो. काकू खाली उतरून पाण्यापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. पलीकडे मिठाच्या गाड्या होत्या. त्यांतल्या एका गाडीच्या चाकाला धरून एक बाई वाकून उभी होती. शेजारी एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाईने मान वर केली. द्वारका.

तिचं काय झालं ते मागाहून कळलं. दोन्ही घरांच्या पत्रांना ती विटली होती. सासरे टेकडीवर देवीला गेले तशी ती आत्येसासूला घेऊन निघाली, इंदूरपर्यंत एका ओळखीच्या गाडीतून आणि तिथून पुढे धारेला मीठ आणणाऱ्यांबरोबर. तिला कोणी पाठवलं नव्हतं. तिला कोणी आणायलाही आलं नव्हतं.

"वेणा आहेत तिला," काकू म्हणाल्या. इतक्या लांबून त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. त्यांनी कासोटा वर ओढला आणि त्या सरळ पाण्यात शिरल्या. गाडीवान ओरडला. कारखानिसांच्या हातातली छत्री खाली पडली. या माणसाने उभ्या जन्मात हद्द ठरल्याशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. मी त्यांना धरायला गेलो तर ते तिथे नव्हतेच. ते काकूंच्या पुढे गेले होते, पाण्याच्या वरच्या अंगाला, जोर स्वतःच्या पायांवर घेत. मागे हात करून त्यांनी काकूंचं मनगट पकडलं होतं. मधे एकदा ते बसले, कमरेपर्यंत गेले, उठले. पगडी वाहून गेली. मला पोहता येत नाही. मी अलीकडे उभा राहून देवाला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.

ते पोचले. मिठाच्या गाडीवाल्यांनी द्वारकेला घोंगडीत घालून गावातल्या पटेलाच्या घरी नेलं. मग पाणी आणखी चढलं आणि मला काही दिसेनासं झालं.

सकाळी पाणी उतरल्यावर मी पलीकडे गेलो. पटेलाच्या ओसरीवर कारखानीस उघड्या डोक्याने बसले होते. मी त्यांना उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. अगदी म्हातारे दिसत होते. "मुलगी झाली," ते म्हणाले. "मायलेकी दोघी सुखरूप आहेत." आणि रडू लागले. आतून काकू बाहेर आल्या, त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "नाळ गळ्याभोवती होती. त्या म्हातारीला ऐकू नाही, डोळ्याला धड दिसत नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी दोघींना घेऊन गेले नसते इथून." हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, कारखानिसांना ऐकू जाईल असं. मग त्यांच्या अंगावर कोरडं घोंगडं टाकून आत गेल्या.

उन्हं जरा वर आली तसा टांगा येऊन थांबला आणि त्यातून नाकेदार उतरले. सुनेला शोधत आले होते. आधी त्यांनी तिला आपल्या गादीच्या हद्दीत शोधलं होतं, मग दुसऱ्या गादीच्या, आणि मग रस्त्यावर, म्हणून उशीर झाला. त्यांनी सगळं ऐकलं, कारखानिसांच्या शेजारी ओसरीवर बसले आणि सवयीने बोलायला सुरुवात केली, "आमच्या दारातून निघाली तेव्हा मी घरी नव्हतो. त्यामुळे खरं पाहता..."

मला वाटलं, आता निषेध वाचायला सांगतात. तो माझ्या खिशात होता, कोरडा.

"व्याहीबुवा," कारखानीस म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या उंबऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत सगळा रस्ता माझा होता. नदीसकट. ती माझी मुलगी आहे."

कोणी समोरून सगळीच हद्द आपली म्हणतो, असा प्रसंग नाकेदारांवर नाक्यावर कधी आला नसावा. "असं कसं?" ते म्हणाले. "घरात एकटी होती ती. मी तिला विचारलंसुद्धा नाही कधी, बाई गं, जेवलीस का. दोष माझा."

"तुमचा कसा? आणायचं माझ्याकडे होतं."

"सांभाळायचं माझ्याकडे होतं ना?"

"रिवाज तुम्ही सांगत होता. मी ऐकलं नाही."

"म्हणून मी हट्टाला पेटायचं? काय बोलता, कारखानीस?"

आवाज चढत गेले. दोघांनाही आता सगळा दोष हवा होता, आणि दुसऱ्याला त्यातला कणभर द्यायची कोणाची तयारी नव्हती. पटेलाच्या घरची माणसं दारात गोळा झाली. तेवढ्यात आतून द्वारकेचा आवाज आला. बारीक, दमलेला, पण बापाचाच.

"आप्पा, मामंजी, कोणाची चूक होती ते मला ठाऊक आहे. दोघंही बाहेर जा. हिला आत्ता झोप लागलीय."

बाहेर पुन्हा गळू लागलं होतं. दोघेही म्हातारे निमूट उठले, ओसरी उतरले आणि पावसात जाऊन उभे राहिले.